पानाच्या कडेला

नऊ वीस. कावळा नाही.

पान घाटाच्या पायरीवर मांडलेलं. पानात भाताचा पिंड, वर काळे तीळ. बाजूला महिपतला आवडायचं ते सगळं : कपात चहा, बिडीचं बंडल, कांदाभजी. समोर कोपरीची खाडी, ओहोटीची. सुदेश हात जोडून उभा, डोकं भादरलेलं. बापाचा आज दहावा.

"लांब व्हा जरा," नाथा म्हणाला. घाटावरची मांडामांड तोच बघायचा. "गर्दी बघून खाली येत नाहीत ते."

सगळे मागे सरले. कुंपणावर चार कावळे बसले होते. हलले नाहीत.

दहा पाच. कावळा नाही.

शेजारच्या पानावर दोन मिनिटांत झडप पडली. ती माणसं नमस्कार करून, चपला घालून निघूनही गेली.

"त्यांच्या म्हाताऱ्याला घाई होती," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

मग शब्द देणं सुरू झालं. कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्याचं काहीतरी राहिलंय. ते ओळखायचं आणि मोठ्यानं कबूल करायचं. पंढरीकाका पुढे झाले. "दादा, वहिनीला काही कमी पडू देणार नाही." नाही. "दादा, गावच्या घराचं छप्पर करून घेतो." नाही. "तुझ्या धाकट्या लेकीचं, सान्वीचं लग्न तुझ्या मनासारखं करू." एक कावळा उडाला. तोही खाडीकडे.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "साडेअकरापर्यंत थांबू. मला अजून दोन ठिकाणी जायचंय. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात सोय आहे."

"तसलं काही नको," काका म्हणाले. "गवताच्या कावळ्यानं दादा सुटतो होय?" मग ते सुदेशकडे वळले. "तो कशात अडकलाय ते तुला माहितीय. इथं सगळ्यांना माहितीय."

माहीत होतं.

कोलशेतच्या एका कंपनीत सुदेश अकरा वर्षं होता. पर्मनंट. काकांनीच चिकटवलेला. चौदा महिन्यांपूर्वी त्यानं राजीनामा दिला आणि कोपरीत, शाळेच्या भिंतीला लागून, घावनांची गाडी लावली. तांदळाचं पातळ पीठ, बिडाचा तवा, नारळाचा गोड रस. पीठ तव्यावर पडलं की जाळी उमटायची. त्या दोन क्षणांत त्याला कुणाची हाक ऐकू यायची नाही. मशीनसमोर अकरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. आता सकाळी आठला गाडीपुढे माणसं उभी असायची. उरलेली घावनं तो डब्यातून घरी आणायचा. रात्रीपर्यंत डबा घासून पालथा घातलेला असायचा.

राजीनाम्याच्या दिवसापासून महिपत त्याच्याशी बोलला नाही. गाडी दिसायला नको म्हणून दूध आणायलासुद्धा मागच्या गल्लीतून वळसा घ्यायचा. छातीत कळ आली, ती त्या वळशावरच.

अकरा दहा.

हौसाबाई पायरीवर बसून होती. त्यांच्यात बायका घाटावर येत नाहीत. ती आली होती. मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. सकाळपासून नवऱ्याच्या पानाकडे बघत होती. आता पहिल्यांदा बोलली.

"सुदेश, यांना असं टांगून ठेवू नको रे."

अकरा पंचवीस. गुरुजींनी दर्भ काढला.

"मनातल्या मनात नको," काका म्हणाले. "त्याला ऐकू जाईल असं बोल."

सुदेशनं डोळे मिटले. आईची साडी त्याच्या हाताला घासून पुढे गेली. पानासमोर वाकली असावी. मग परत मागे आली.

"बाबा," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "बाबा, गाडी बंद करतो. कंपनीत परत जातो. आईच्या देखत सांगतो."

पंख.

"शिवला! शिवला!"

डोळे उघडले तेव्हा कावळा उडत होता. चोचीत काहीतरी लोंबत होतं. बायकामाणसांसारखे काका रडले. सुदेशच्या पाठीवर थापा मारत राहिले आणि तिथूनच त्यांनी शिफ्ट इनचार्जला फोन लावला.

"तेराव्यानंतर ये म्हणालेत. बघ, दादा सुटला. आता तूही सुटलास."

पान पाण्यात सोडायला सुदेश खाली उतरला.

पिंड जसाच्या तसा होता. तीळसुद्धा हलले नव्हते. भजी तशीच. पानाच्या कडेला अर्धं घावन पडलं होतं, फाटलेलं. सकाळी पान मांडताना ते तिथं नव्हतं.

"गुरुजी, भाताला शिवलाच नाही तो."

"पानाला शिवला ना? मग झालं." गुरुजी पिशवी भरत होते.

सुदेश पान हातात घेऊन तसाच वर आला. आईसमोर उभा राहिला.

"आई, हे तू ठेवलंस?"

"मघाशी. तू डोळे मिटलेस तेव्हा. पहाटे तुझ्याच तव्यावर काढलं, पण तुझ्यासारखी जाळी नाही पडली." तिनं डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा स्वस्थता होती.

"पण बाबांनी माझं घावन कधी तोंडात तरी—"

"आता शब्द दिलायस, म्हणून सांगते," हौसाबाई म्हणाली. "रोज संध्याकाळी डबा उघडून बसायचे. म्हणायचे, त्याला बोलू नको हं. कळलं तर गाडी सोडायचा नाही तो."