हक्काचा एक कप

"यंत्र बिघडलंय तुमचं," अच्युतराव टेंभेकर म्हणाले. "आमच्या हिच्या चहात दोन चमचे साखर असायची. हा नुसता पाला उकळलाय."

मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात सही केली, त्या दिवसापासून त्यांच्या जिभेला गोड चव बंद होती. सहभागींना हक्क एकच होता: वर्षातून एकदा आठवणीतली एखादी जुनी चव, होती तश्शी चाखायची. जबाबदारीही एकच: एरवी काही गोड लागलं, तर ताबडतोब कळवायचं. अच्युतरावांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या, कुमुदच्या हातचा चहा मागितला होता.

केंद्रावरच्या शलाकानं पडदा पाहिला. "यंत्र ठीक आहे, काका. तुमचे वडील मधुमेहानं गेले ना, तेव्हापासून तुमच्या आठवणीतल्या चहातली साखर दरवर्षी कमी होत गेलीय. शेवटची नऊ वर्षं शून्य."

"अगं, माझ्यासमोर ढवळायची ती! किणकिण आवाज यायचा."

"काकू ढवळत असतील हो. घालत नव्हत्या."

अच्युतराव घरी आले. त्यांनी बिनसाखरेचा चहा केला आणि दोन चमचे साखर विरघळायला लागेल इतका वेळ त्यात रिकामा चमचा फिरवला.

घोट चांगला गोड लागला.

नियमाप्रमाणे ताबडतोब कळवायला हवं होतं. अच्युतरावांनी दुसरा कप ढवळायला घेतला.