दोन पऱ्हाट्या

कौशल्या मॅडम डबा खाऊन विज्ञान प्रदर्शनाच्या हॉलमध्ये परतल्या, तोवर मुख्याध्यापक खुशालराव मॉडेलची वाट लावून मोकळे झाले होते.

नववीतल्या आचल आणि अरीबानं कपाशीच्या दोन वाळक्या पऱ्हाट्या रंगवून चेतापेशी केल्या होत्या. एक लाल, एक निळी, फांद्या एकमेकींत गुंतवलेल्या. लाल आचलच्या वावरातली, निळी शेजारच्या अरीबाच्या. यंदा बोंडअळीनं दोन्ही वावरं सारखीच खाल्ली होती. दोन वावरांमधल्या धुऱ्यावर थांबून अळीनं कोणाचं नाव विचारलं नव्हतं.

आता लाल पऱ्हाटी आचलच्या टेबलावर होती आणि निळी पार दाराजवळ, अरीबापुढे. ओढाताणीत फांद्या मोडल्या होत्या. उरलेल्या फांद्या सरांनी सुतळीनं करकचून बांधल्या होत्या, लाल लालशी, निळ्या निळ्यांशी.

"हे काय केलं सर?"

"आचलचे बाबा येऊन गेले. म्हणे, माह्या पोरीचं नाव तिच्यासंगं नोको. अन् फांद्या बी कशा पसरून होत्या. आपल्यानं आपल्याले धरून राहावं, एवढं तं जनावरालेही समजते."

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उलटं आहे सर. पेशीच्या अंगावर प्रथिनांची खूण असते. आपलीच फांदी आपल्याले भिडली, की पेशी ते खुणेवरून ओळखते अन् दूर सरते. जुळते ते दुसऱ्या पेशीशी. सगळ्या पेशी आपल्याच अंगाले चिकटून बसल्या असत्या, तं तुमच्या डोक्यात एक विचार आला नसता."

"ते वर्गात शिकवा. परीक्षक आले. पोरीले सांगा, एकाच पेशीचं मॉडेल हाय म्हणा."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

परीक्षक आचलच्या टेबलाशी वाकले. समोरची पाटी काढायची सर विसरले होते. तिच्यावर लिहिलं होतं, 'दोन चेतापेशींची भेट'.

"दुसरी पेशी कुठं आहे बेटा?"

आचलनं दाराकडे पाहिलं. मग खाली मान घालून तिनं सुतळीची गाठ सोडली. बांधलेल्या लाल फांद्या झटक्यात एकमेकींपासून फाकल्या.

"सरले विचारा," ती म्हणाली.