बारा नंबर
गाडीची देखभाल घरीच करायची म्हणून ती बाबांना घेऊन हत्यारं घ्यायला आली होती. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या बाबांना आता दिसत नव्हतं, तरी स्वारी खुशीत होती. "जॅक, उचललेली गाडी टेकवायला घोड्या, पान्यांचा संच घे. कामाला मी आहे, माझी बोटं अजून बघतात." दुकानदाराने दिलेला पाना त्यांनी चाचपला. "बारा नंबर." पान्यावर बाराच कोरलं होतं. लहानपणी तिने एकदा चुकीचा पाना दिला, तेव्हा बाबा गिऱ्हाइकांसमोर हसले होते, "पोरीच्या हाताला लोखंड कळत नाही," आणि दुसऱ्या दिवसापासून तिला गॅरेज बंद. "चौदा आहे, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या हाताला आता लोखंड कळत नाही. राहू द्या, मी बघेन." दुकानदाराने मान खाली घातली. बाबांनी पाना पुन्हा चाचपला, "असेल बाई," म्हणाले आणि बोटं सदऱ्याला पुसत राहिले.