पाचव्याची हजेरी

"बाबा, खुर्चीत बसा आणि अजिबात हलू नका," सुहास म्हणाला. "आता सगळी भिस्त तुमच्या कानांवर."

नेमकं तेच नको होतं. तरी सखाराम गुरुजी मुकाट्याने बसले. गेल्या बुद्धजयंतीला त्यांना ताप भरला होता. ताप गेला, आणि जाताना डावा कान घेऊन गेला. वर्षभर त्यांनी ही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. कळली असती तर सुहासने आठवड्याच्या आत सावर्ड्याच्या या घराला कुलूप घालून दोघा नवराबायकोंना डोंबिवलीला, आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी नेलं असतं. विहिरीपाशी गुरुजींचा पाय घसरला तेव्हाच त्याने तो विषय काढला होता. गुरुजींना कुठेही जायचं नव्हतं.

होम थिएटर सुहासने ऑफिसातल्या मित्राकडून आणलं होतं. आवाज आपोआप जुळवणारा माइक त्या मित्राने कधीच हरवला होता, म्हणून सगळं हाताने करायचं होतं. सकाळपासून जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत भोकं पाडून त्याने लादीवर लाल भुकटीचा सडा घातला होता. टीव्हीच्या बाजूंना दोन स्पीकर, खाली एक, खुर्चीच्या मागे दोन. प्रत्येकापासून खुर्चीपर्यंत टेप धरून तो अंतर मोजायचा आणि सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या रिसीव्हरमध्ये आकडा भरायचा.

गुरुजींच्या उजव्या हाताला, स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको शालन सुपात कुळीथ निवडत बसली होती. टेप तिच्या डोक्यावरून जात होती.

"आई, तू पहिल्यासारखी खिडकीत बस की. तिकडे वारा आहे."

"नको, मी हितंच बरी."

गेल्या वर्षापासून तिने ही उकाड्याची जागा धरली होती. उठ म्हटलं तरी उठायची नाही. हट्टी बाई, गुरुजी मनात म्हणाले.

सुहास त्यांच्या डाव्या खांद्यामागे वायर ओढत काही तरी पुटपुटला. गुरुजींनी तत्परतेने मान डोलावली. "बरं बरं."

मग सुहास रिमोट घेऊन समोर आला. "रिसीव्हर प्रत्येक स्पीकरची पाळी घेईल. आधी पुढचा डावा, मग मधला, पुढचा उजवा, मागचा उजवा, शेवटी मागचा डावा. आवाज कमी वाटतो की जास्त, तेवढं सांगा."

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. क्रम ठरलेला असला की झालं. छत्तीस वर्षं त्यांनी हजेरी घेतली होती. पाठ्यपुस्तकापेक्षा हजेरीपट त्यांना जास्त पाठ असायचा.

खोलीत सुपात धान्य घोळल्यासारखी सरसर सुरू झाली. पहिला आवाज कुठून तरी लांबून, पुसट आला.

"ठीक आहे," गुरुजी म्हणाले.

दुसरा आला. "हा छान."

तिसरा चांगला खणखणीत होता. "किंचित कमी कर." सुहासने केला. गुरुजींना हुरूप आला. चौथा तर थेट चालत्या कानातच शिरला. "हाही कर थोडा कमी."

मग सगळं शांत झालं. आता मागच्या डाव्याची पाळी. एवढ्या मागून, त्यातून डावीकडून, आपल्याला काय ऐकू येणार! गुरुजींनी मनात चार आकडे मोजले आणि ठामपणे म्हणाले, "हा अगदी बरोबर. याला हात लावू नकोस."

सुहासचा हात रिमोटसकट खाली आला.

"बाबा, तो वाजतच नाहीये. वायर कमी पडली, उद्या बाजारातून आणतो, असं मघाशी तुमच्या मागे उभं राहून सांगितलं. तुम्ही बरं म्हणालात."

सुपातला हात थांबला. गैरहजर पोराची हजेरी गुरुजींनी आयुष्यात कधी लावली नव्हती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती.

सुहास त्यांच्या डाव्या कानाकडे बघत राहिला. मग त्याच बाजूच्या रिकाम्या खिडकीकडे. मग आईकडे.

"आई, तुला माहीत होतं?"

"गेल्या बुद्धजयंतीपासना मी हितं बसतंय," शालन म्हणाली. "तिकडनं हाक मारली तर हे वळून बगत नायत. मग एकटीनं तिकडं वारा खात बसून काय करू?"

गुरुजींनी झटकन तोंड फिरवलं. वर्षभर आपण हिला फसवलं, या समाधानात ते होते. आणि ही वर्षभर चुलीच्या धगीत बसत होती.

"कानाचं वय झालंय," ते कसेबसे म्हणाले. "तेवढ्यासाठी घराला कुलूप लावू नकोस रे, सुहास."

सुहासने खुर्चीच्या पाठीला हात घातला. "उठा."

"कुठे?"

"खुर्ची हलवायचीय. कानाच्या डॉक्टरकडे चिपळूणला उद्या जाऊ, दुपारी घरी परत येऊ."

खुर्ची खिडकीला लागली. डावा कान भिंतीकडे, सगळी खोली उजवीकडे. शालन सूप घेऊन उठली आणि गुरुजींच्या उजव्या हाताला, वाऱ्यात येऊन बसली. सुहासने आधीचे सगळे आकडे पुसले आणि पहिल्यापासून टेप धरली.

सरसर पुन्हा सुरू झाली. एक, दोन, तीन, चार. मग पाचव्याची पाळी आली आणि खोली शांत झाली.

गुरुजींनी ताठ बसून, वर्गात घुमायचा तसा आवाज लावला.

"गैरहजर."