डांबरगोळी
विश्वजीतनं मोबाईलवरून शेतातली मोटर चालू करणारं यंत्र बनवलं, आष्ट्यात कंपनी उभी केली आणि त्याच्यावर पिच्चर आला. सांगलीच्या थिएटरात त्याची चुलती राहीबाई पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावरच्या हिरोनं काचेच्या ऑफिसात लॅपटॉप बडवताच बिघडलेलं यंत्र सुरू झालं. खरं तर तिच्या उसातल्या यंत्राच्या पेटीत पाल शिरून ते सतरा वेळा जळलं आणि सतराही वेळा विश्वजीत चिखल तुडवत आला. शेवटी तिनं ट्रंकेतली डांबरगोळी आत टाकली. पाल पुन्हा फिरकलीच नाही. पिच्चर सुटल्यावर विश्वजीत तिच्या पाया पडला. “कसा वाटला, काकी?” “झ्याक. पण पाल न्हाई दिसली रं.” “डायरेक्टर म्हणाला, लोक हसतील.” त्याला उठवताना तिला त्याच्या हातांना डांबरगोळीचा वास आला. “आजबी गोळ्या तूच टाकतोस व्हय?” “हो, पेटीगणिक एक.” तिनं हात गच्च धरले. “आत्ता वळखलं बग तुला!”