दर रविवारी हँग

गोधडीत गुंडाळलेला संगणकाचा डबा अन्नपूर्णाबाईंनी अमडापूरहून एसटीत मांडीवर घेऊन आणला आणि बुलढाण्यात हर्षलच्या दुकानात थेट काउंटरवर ठेवला.

"याचा प्रोसेसर बदलून दे, बापू. बोलता बोलता माणूस अडकते याच्यात."

हर्षलने डबा उघडला, धूळ झटकली, सुरू करून पाहिला. "मावशी, जुना हाय, चित्र पुसट येते, हे खरं. पण व्हिडिओ कॉल त चालून राह्यला. मले हँग नाही दिसला."

"माह्या घरी होते. मी काय लबाड बोलून राह्यली?"

हर्षलने स्क्रूड्रायव्हर उचलला. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यात त्याला रस नव्हता.

संगणक त्यांच्या पोराचा, जीवनचा, कॉलेजातला. नोकरी लागली तसा पोरगा पुण्याला गेला आणि संगणक मागे राहिला. नवरा गेल्यापासून घरात बोलतं काय ते तेवढंच. मोबाईलवर पोराचा चेहरा काडेपेटीएवढा, इथे निदान माणसाएवढा. दर रविवारी बाई धुतलेलं लुगडं नेसून समोर बसायच्या. सोयाबीनचं, शेजाऱ्यांचं, सुनेच्या नोकरीचं सगळं बोलणं सुरळीत व्हायचं. "जीवन, मले एक इचारायचं होतं," एवढं म्हटलं की मेला संगणक नेमका तेव्हाच अडकायचा. मग मोबाईलवर निरोप यायचा, 'आई, तुझा कॉम्प्युटर पुन्हा हँग झाला. रविवारी बोलू.' विचारायचं एवढंच होतं, की मी तुझ्याकडे राहायला येऊ का. एकटेपणाने त्या अगदी जेरीला आल्या होत्या.

"बोर्ड जुना हाय," हर्षल म्हणाला. "आजकालचे प्रोसेसर याच्यात बसत नाही. जुन्यातला आय फाइव्ह टाकतो, तुमच्या कामाले बक्कळ झाला. त्याच्याहून मोठा आय सेव्हनबी बसते, पण तो गरम होते आन् महागबी हाय."

"न अडकणारा कोणता?"

"दोन्ही नाही अडकत. पण..."

"मंग मोठाच टाक."

रविवारी चित्र उघडलं आणि बाई हरखल्या. जीवनच्या कानाजवळचे पांढरे केससुद्धा दिसले. मागच्या भिंतीवर आजवर नुसता पांढरा डाग दिसायचा, ते त्यांनीच वास्तुशांतीला दिलेलं घड्याळ निघालं. पोराने ते लावलंय, एवढ्यानेच त्यांना भरून आलं.

नव्या प्रोसेसरचं त्यांनी सांगितलं नाही. आधी विचारू, मग सांगू.

"जीवन, मले एक इचारायचं होतं. मी तुह्याकडं..."

जीवन थांबला. तोंड अर्धवट उघडं, चहाचा कप ओठांपाशी तसाच.

हाही मेला तसलाच निघाला म्हणत बाईंनी सवयीने माउस हलवला. मग चष्मा सावरून त्या पुढे वाकल्या. जीवन हलत नव्हता. त्याच्या डोक्यामागे घड्याळाचा लाल सेकंदकाटा मात्र पुढे पुढे सरकत होता.