हॅलो, आवाज येतोय का

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," हॅलोकाका म्हणाले, "पण माझ्या एका माईक टेस्टिंगनं आख्ख्या गल्लीला पाणी आलं होतं."

"बाबा, विषय बदलू नका," मुलगा म्हणाला. तो नुकताच ऑफिसातून आला होता, अजून बूटही काढले नव्हते. "असल्या राजकारणासाठी तिला भोंगा द्यायचा नाही म्हणजे नाही."

भोंगा गॅलरीच्या कठड्यावर बसला होता, गल्लीकडे आ वासून. नातीनेच तो दुपारी माळ्यावरून काढला होता. बसचा थांबा मोठ्या रस्त्यापलीकडे नेल्यापासून गल्लीतली म्हातारी माणसं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत होती. उद्या सगळे चौकात जमणार होते आणि बोलणार होती नात. सेट चालू करून झाला होता, लाल दिवाही लागला होता, पण आवाज काही निघत नव्हता. "माईकचं बटण रुसलंय," असं निदान करून हॅलोकाका मघापासून माईक रुमालाने पुसत होते, शेंबड्या पोराचं नाक पुसावं तसे.

"पप्पा, बसचा थांबा परत मागायचा, यात राजकारण कुठं आलं?" नात म्हणाली.

"माईकवर बोललं की आलंच. सरकारी नोकरी आहे माझी. साहेब विचारतील, कुणाची मुलगी? लांब कुठं बदली झाली ना, की कळेल तुला राजकारण कुठून येतं ते."

"थांबा हलवला तेव्हा कुणी म्हणालं नाही, राजकारण म्हणून. परत मागितला की राजकारण होय?"

मुलाने बापाकडे बघितलं. भोंगा बापाचा, तेव्हा निकालही त्यानेच द्यायचा.

"सांगू का नको?" हॅलोकाका म्हणाले. त्यांना निकाल द्यायचा नव्हता, गोष्ट सांगायची होती.

"सांगा," नात म्हणाली.

"तर नळ आटलेले. मैदानात सभा, माणूस मावत नाही, आणि नेत्याचा पत्ता नाही. सभेचे भोंगे माझेच, झाडांवर बांधलेले. तेव्हा माझं हॅलो म्हणजे काय होतं! नेते बदलले, झेंडे बदलले, हॅलो माझंच. लोक हॅलो ऐकायला यायचे आणि भाषण सुरू झालं की घरी जायचे. त्या दिवशी मी माईक धरला आणि म्हणालो, हॅलो, हॅलो, आमच्या नळाला पाणी नाही, हॅलो. मैदान चिडीचूप. मग टाळ्या अशा पडल्या की झाडांची पानं गळाली. पाणीखात्याचा साहेब घरी दाढी करत होता. तो अर्ध्या दाढीनिशी पळत आला आणि त्यानं स्वतःच्या हातानं चावी फिरवली. पाणी असं सुटलं की नळांच्या तोट्या उडाल्या. एक तर शेजारणीच्या कढईत पडली, तळूनच निघाली."

नात हसली. मुलाने हसू दाबलं, पण बुटाची नाडी सोडायला घेतली. लहानपणी अशाच सभांमध्ये तो स्टेजखाली वायरींच्या भेंडोळ्यावर डोकं ठेवून झोपायचा, बापाचं हॅलो ऐकत.

"नेता आला तो तणतणत. म्हणाला, हे राजकारण आहे. मी म्हणालो, साहेब, हे माईक टेस्टिंग आहे. राजकारण तुम्ही बोलायला लागलात की सुरू होईल."

आजी कप गोळा करायला आतून आली. टेबलाशी वाकली आणि तशीच थांबली.

"पाणी आलंच नव्हतं," ती म्हणाली. "आणि माईकवर हे नव्हते. मी होते. हे वायर जोडायला वाकले, तेवढ्यात मी घेतला. हातात रिकामी बादली होती माझ्या. 'आमच्या नळाला' एवढंच तोंडातून निघालं आणि यांनी बटण बंद केलं. म्हणाले, उतर खाली, राजकारण करू नकोस. पुढचं माझ्या पोटातच राहिलं."

पुढचं पोटातच राहिलं, असं बाहेर गल्लीनेही म्हटलं, मोठ्या घोगऱ्या आवाजात.

सगळ्यांनी माईककडे बघितलं. तो हॅलोकाकांच्या हातात होता, पण आजीच्या हनुवटीजवळ. बटण वर सरकलेलं होतं. ते कधी सरकलं, हे हॅलोकाकांनाच ठाऊक.

समोरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. खालून इस्त्रीवाला ओरडला, "आजी, आवाज येतोय. पुढचं काय होतं?"

आजीने कप उचलले, त्यांची किणकिणही भोंग्यातून गेली.

"बाबा, बंद करा ते," मुलगा कुजबुजला.

"करतो की." हॅलोकाकांचा अंगठा माईकच्या मानेवरून फिरत राहिला, वर, खाली, पुन्हा वर. "पण बटण दिसेल तर शपथ. चष्मा कुठं ठेवलाय कोण जाणे."

आजीने त्यांच्याकडे बघितलं. मग कप खाली ठेवले, हात पुसले आणि त्यांच्या हातातून माईक घेतला.

"चष्मा नाकावर आहे तुमच्या," ती म्हणाली, आणि आख्ख्या गल्लीने ते ऐकलं.